डावा हात तिचा

अन् मले एक सांगा राजेहो, देवी आली हाताले, मंग जिभेनं काय पाप केलं? फोडणी बंद. तेल बंद, मिरची बंद, कांदा बंद... वरण कसं, तं पिवळं पाणी. अन् भाकरीसंगं ठेचा मागितला तं माय माह्याकडं अशी पाहे, जसं का मी कोणाचं मुंडकं मागितलं. बरं, मी आजारी असतो तं गोष्ट वेगळी. मी चांगला धडधाकट गडी, कापसाचं बोचकं एकट्यानं गाडीवर फेकणारा. फक्त इथं, डाव्या दंडावर, हे पाहा, आता नुसता वण हाये, पण तवा इथं जवारीच्या दाण्याएवढा फोड होता. एवढासा! अन् त्या एवढ्याशा फोडापायी आमच्या घरची चूल सुतकात बसली. बाकी सारा मी, डावा हात तिचा.

हसू नका. तुमच्या गाड्या काही आज तुलत नाईत. या अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यायची रांग पाहा, तिचं तोंड कुठं अन् शेपूट कुठं. तिकडं सातासमुद्रापार कोण कोणाशी लढून राहिले देव जाणे, अन् इकडं कापसाचा भाव चढून आमच्या बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या बसून राहिल्या. तं बसा, आयका. दंडाले काय झालं म्हणून पुसलं तुमीच.

झालं असं. आमचं गाव चांदूर बाजाराच्या अलीकडं. माही मोठी बहीण रुख्मिणी, ती दिली जांभुळखेडले, मधात एक नदी अन् एक शिव. यंदाच्या संक्रांतीले मायनं मले धाडलं, का जा, ताईले अन् गोदीले घेऊन ये. गोदी म्हणजे तिची पोरगी, चार वर्षांची, बोलाले लागली तं पोपट मान खाली घालंल अशी. मी दमणी जुंपली, बैलायच्या गळ्यात नवी घुंगरं बांधली, गेलो, तं शिवेवरच माणसं उभी. म्हणे, पुंजारामच्या घरी देवी आल्या. पुंजाराम म्हणजे आमचे जवाई. आता देवी आल्या म्हटल्यावर तुमाले मालूम हाये, त्या घरात कोणी जात नाई, त्या घरातून कोणी निघत नाई, तिचा पाहुणचार चालू असते. मी म्हटलं, नुसती पोरगी द्या. म्हणे, नाई. म्हटलं, ताईले दुरून पाहतो. म्हणे, नाई. दमणीत मायनं ताईच्या पाठीले लागू नये म्हणून गोधडी अंथरली होती, ती तशीच घेऊन वापस आलो.

अन् मंग... मंग निरोप आला.

हं. काय सांगत होतो मी? फोडणी. नाई, फोडणीच्या आधीचं सांगतो, नाई तं तुमाले समजाचं नाई.

तुमाले सांगतो, माहा स्वभाव असा का आधी उडी, मंग विहीर किती खोल ते पाहणं. मी शीतलेच्या देवळात गेलो अन् तिच्यासंगं भांडलो. मोठ्यानं भांडलो, पुजारी घंटा सोडून पळाला. म्हटलं, दम असंल तं माह्यावर ये, लेकुरवाळ्या बायायवर काहून जातं? आता देवी काही उत्तर देते का? चूप बसली. पण पुढच्या चांदूरच्या बाजारात पाहतो तं काय, पिंपळाखाली एक म्हातारा मियाँ, तट्टू बांधलेलं, पुढं एक लहान पेटी, अन् बाजूले एक इवलीशी पोरगी तिळाचा लाडू खात बसलेली. अन् भोवताली कोणी नाई. जिथं पाय ठेवाले जागा नाई अशा बाजारात त्याच्याभोवती गोल मोकळी जमीन, जसं का साप बसला. बाया लेकरं पदराखाली झाकून लांबून चालल्या. मी एकाले पुसलं, कोण हाये हा? म्हणे, सरकारी टोचणारा, इनायतुल्ला. देवी देते. फुकट देते.

देवी देते! अख्खा मुलूख देवी जावी म्हणून नवस करून राहिला, अन् हा देऊन राहिला. माह्या डोक्यात काय शिरलं मले मालूम नाई. मी अंगरख्याची बाही वर केली अन् त्याच्यापुढं जाऊन बसलो. म्हटलं, दे. कुठं हाये तुही देवी? मलेच दे.

मियाँ पाहतच राहिला. त्याले सकाळपासून शिव्या भेटल्या होत्या अन् एक दगड भेटला होता. दंड भेटला नव्हता. म्हणे, "बेटा, ये बच्चों का काम है. तू तो बैल जैसा है." मी म्हटलं, तं बैलाले टोच. मंग त्यानं माहं तोंड निरखून पाहिलं, कुठं वण नाई, म्हणजे या माणसाकडं देवी कधी फिरकली नाई. अन् त्यानं त्या लाडूवाल्या पोरीची बाही वर केली. ती त्याची नात, गुलनार. तिच्या दंडावर एक फोड, पाणीदार, मधात जरा खोलगट, भोवती गुलाबी कडं... मोती पाहा, मोती. त्यानं नश्तराचं टोक त्या मोत्याले लावलं अन् तेच टोक माह्या दंडावर खरडलं. मी डोळे मिटून बसलो, का आता येते, आता कडाडते, आता मी नाई तं ती नाई... काहीच नाई. डोळे उघडले तं पोरगी मले उरलेला लाडू देऊन राहिली होती.

मी पुसलं, मियाँ, आपलीच नात काहून फिरवता रानोमाळ? तं म्हणे, हे पाणी शिशीत मरून जाते, त्याले जिवंत हात लागते. एका गावचं लेकरू दुसऱ्या गावाले कोणी नेऊ देत नाई, मंग मी काय शेजाऱ्याची नात आणू? अन् मले बजावलं, का आठव्या दिवशी तुह्या घरी येतो, तवा तुह्या हातावर असाच मोती असंल, त्यातून तुह्या गावच्या लेकरायले देऊ. तो दिवस हुकला तं पाणी नासलं समज. अन् ज्याले ही आली, त्याले मोठी देवी येत नाई.

ते शेवटचं आयकलं अन् राजेहो, माह्या डोळ्यापुढं गोदी उभी राहिली.

घरी येऊन मायले सांगितलं. मायनं पहिले पुसलं, कोणाच्या हातावरून घेतली? मी म्हटलं, मियाँच्या नातीच्या. वाटलं, आता घराचं आढं डोक्यात पडते. पण मायनं चुलीपुढं बसून लाकूड मागं ओढलं. मंग हळूच म्हणे, "माह्या पोरीपाशी आली, तवा तिनं तरी कुठं जात पुसली." अन् लगेच उठून कपाळावर हात मारला. काहून? तं म्हणे, "मेल्या, डाव्या हातावर बसवलं तिले?"

आता तुमीच सांगा. डाव्या हातानं माणूस सकाळी नदीवर काय करते, हे मी तुमाले सांगू? ते बंद. मंग ते कशानं करू? उजव्यानं केलं तं त्याच हातानं जेवू कसा? माय म्हणे, मले नको पुसू, बसवाच्या आधी इचार कराचा होता. तं अशी गत! बाकी सारा मी, डावा हात तिचा, अन् पंचाईत दोन्ही हातायची.

पहिले दोन दिवस काही नाई. मी म्हटलं, मियाँनं लाडू देऊन फसवलं. मंग एक लाल ठिपका. मंग तो ठिपका फुगला. मंग काखेत गाठ, अंगात कणकण, अन् दंडावर मोती! खरा मोती, जसा गुलनारच्या दंडावर होता तसाच्या तसा. मी पाहत बसलो. अहो, जी देवी गावंच्या गावं पुसून नेते, जिच्या नावानं पाटलाचेही पाय लटपटतात, ती माह्या दंडावर दाण्याएवढी होऊन बसली, चूप, शहाण्या पोरीसारखी. जितकी सांगितली तितकीच आली, जिथं सांगितली तिथंच आली. मी तिच्यावर रागावाले गेलो, पण एवढ्याशा जिवावर रागवावं तरी कसं?

अन् घरात तिचा पाहुणचार सुरू झाला. माहा नाई, हाताचा. माय पंख्यानं वारा घाले तो हाताले. घाम माह्या तोंडाले. दारात कडुलिंबाचा डगाळा. दाढी कराची नाई, जोडा घालाचा नाई. खाज सुटली, मी बोट नेलं, तं मायनं बोटावरच फटका मारला, का देवीच्या अंगाले नख लावतं? बाया येत, वाकून दंडाले नमस्कार करत, अन् माह्याकडं न पाहता निघून जात. अन् शिवी तं बिलकुल बंद. आता माहा धंदा गाडीवानाचा! माहे बैल शिवीवर चालतात. मी म्हटलं, चला जी महाराज, पाय उचला... ते दोघं मान वळवून माह्याकडं पाहत, का हा कोण पाव्हणा बसला गाडीवर.

शेजारचे नत्थुजी तं रोज येत. त्यायची म्हैस हरवली होती. माह्या दंडापुढं हात जोडून म्हणत, "बाई, म्हैस कुठं गेली तेवढं सांगा." मी म्हटलं, नत्थुजी, हा फोड हाये, तलाठी नाई. म्हणे, तू मधात बोलू नको. तिसऱ्या खेपेले मी कटाळून म्हटलं, नदीत पाहा. अन् म्हैस नदीत सापडली! आता म्हैस नदीत नाई बसत तं काय चावडीत बसते? पण त्या दिवसापासून आमच्या अंगणात पाय ठेवाले जागा नाई.

अन् मंग तो दिवस आला. मियाँ तट्टूवर, पुढ्यात गुलनार. पेटी उघडली, तं माय दारात आडवी. म्हणे, घरी आलेल्या देवीले टोचणार? पाहुणी जेवून राहिली अन् तिच्या ताटात सुई? मियाँ समजावून राहिला, का बाई, आज काढलं तं काढलं, उद्या याचा पू होते. अंगणातल्या बाया पोरं काखेत मारून घरी पळाल्या. मियाँनं पेटीचं झाकण लावलं. मी मायपुढं बसलो. म्हटलं, माय, गावाचं राहू दे. हे पाणी गोदीसाठी हाये. जांभुळखेडले अजून रोज एक घर धरून राहिली ती. ताई गेली. आता तू कोणाची वाट पाहून राहिली?

माय आत गेली, हिरवा खण आणला, नारळ आणला, हळदकुंकू आणलं, अन् म्हणे, "नेतो तं मानानं ने."

अन् मान म्हणजे काय, राजेहो! साऱ्या गावानं बाहेर निघून मले दमणीत बसवलं. दमणीले लिंब बांधला, दंडाले हळदकुंकू, पुढं डफडं, मागं बाया गाणी म्हणत. मी म्हटलं, अरे, नुसतं टोचाले जाऊन राहिलो! कोणी आयकते? दमणीत मी, माय, अन् मियाँची नात. मियाँ बाजूनं तट्टूवर, घाबरलेला. मी त्याले पुसलं, मियाँ, गुलनारच्या हातावर ही कुठून आली? म्हणे, एका कोष्ट्याच्या पोराच्या हातावरून. त्याच्या हातावर? मागच्या गावच्या पोरीच्या. अन् तिच्या? म्हणे, असंच मागं मागं जा, बेटा. मुंबईपर्यंत जा, जहाजावर चढ, साहेबाच्या मुलखात जा, तिथं एक गाय उभी हाये. गायीच्या आचळावर हा फोड होता. मी म्हटलं, हे होते तरी कसं? फोड इथं अन् मोठी देवी तिथूनच वापस? तं खांदे उडवून म्हणे, "वो तो खुदा जाने. हमको इतना मालूम, कि होता है."

तुमाले सांगतो, त्या डफड्याच्या गोंगाटात मले काही आयकू येईना. मले नुसते हात दिसून राहिले. लेकरायचे हात, काळे, गोरे, कोष्ट्याचे, साहेबाचे, मियाँचे... एकाचा दंड दुसऱ्याच्या दंडाले लागलेला, त्याचा पुढच्याच्या, आठ दिवसाले एक, अन् इतक्या वर्षांत ही ओळ कुठं तुटली नाई. एकाही मायनं दार लावलं असतं तं तिथंच संपलं होतं. अन् त्या साऱ्या ओळीच्या शेवटी आज कोण? तं शिव्या देणारा गाडीवान मी. माहा हात मले जड लागाले लागला.

तेवढ्यात दमणी थांबली. जांभुळखेडची शिव. अन् समोर काठ्या.

आता त्यायचं तरी काय चुकलं? आठच दिवसापूर्वी त्या गावानं देवीचा गाडा काढला होता. तुमच्याकडंही काढतात, लाकडी देवी, हिरव्या बांगड्या, लिंबाचा पाला, डफडं वाजवत शिवेवर न्याची अन् पुढच्या गावाकडं तोंड करून सोडून द्याची. तो गाडा त्यायनं आमच्याच शिवेवर सोडला होता. अन् आज पाहतात तं काय, आमचं गाव डफडं वाजवत, लिंब बांधून, देवीले दमणीत बसवून वापस आणून राहिलं! त्यायचे पाटील भगवंतराव पुढं आले. म्हणे, आमी एवढ्या खर्चानं धाडली, अन् तुमी वरातीनं परत आणता, काही लाज? फिरवा दमणी.

मी खाली उडी टाकली अन् सरळ शिव ओलांडाले निघालो. काठ्या उठल्या. पण मारते कोण? दंडाले हळदकुंकू! मी डावा हात पुढं केला का ते चार पावलं मागं, मी थांबलो का ते चार पावलं पुढं. बाकी सारा मी असतो तं केव्हाचाच झोडपला असता, पण डावा हात तिचा. त्या घोळक्यात पुंजाराम जवाई उभे, हातात काठी, तोंड असं का घर जळून गेल्यावर माणसाचं असते. ऊन चढून राहिलं. मियाँ माह्या दंडाकडं पाहून राहिला, का पाणी गढूळ होते का काय.

मंग माय दमणीतून उतरली. डफडं थांबलं. मायनं आवाज चढवला नाई, पदर सारखा केला अन् पाटलाले पुसलं, "पाटील, तुमी धाडली ती गेली का? काल कोणाचं लेकरू गेलं?"

पाटलाच्या मागं एक बाई होती, ती तोंडात पदर घालून रडाले लागली.

माय म्हणे, "मंग ती कुठं गेली? हाये तुमच्यातच. अन् जाईल तरी कशी? सासुरवाशीण कधी गाड्यात घालून शिवेवर टाकल्यानं जाते? तिले घ्याले माहेरचं कोणी यावं लागते, तवा ती निघते. ही माह्या पोराच्या हातावर हाये ना, ती तिची धाकटी. थोरलीले न्याले आली. हा माहा चंद्रभान, हा तिचा मुऱ्हाळी, माहेरी न्याले आलेला भाऊ. संक्रांतीले बहिणीले न्याले आल्ता, तवा तुमी त्याले इथूनच वापस केला. आज पुन्हा करता?"

राजेहो, मुऱ्हाळ्याले दारातून वापस धाडणं म्हणजे काय, हे जांभुळखेडले काय सांगाचं? तेही आपलेच लोक. पुंजारामनं काठी जमिनीवर ठेवली. ठेवली म्हणजे टाकली नाई, वाकून ठेवली. मागं वळला, गावात गेला, अन् आला तं खांद्यावर गोदी.

गोदीनं मले पाहिलं अन् पहिलं काय म्हणाली, तं, "मामा, तू दाढी काहून नाई केली?" मी तिले खांद्यावरून उतरवून घेतलं. मियाँनं नश्तर काढलं. माह्या मोत्याले टोक लागलं, तं डोळ्यापुढं काजवे, अन् तोंडात आलेली शिवी गिळली ती अजून पोटात हाये. मंग गोदीचा दंड. ती रडली नाई, माह्या अंगठ्याले कडकडून चावली. तो वण या हाताले, उजव्या. हा माहा.

अन् मंग? मंग काठ्यावाल्यायचीच झुंबड. पाटील म्हणे पहिला मान माह्या नातवाचा; दुसरा म्हणे, पाटील, आत्ता तं तुमी दमणी फिरवत होता. फोड एक अन् दंड किती! पाणी संपलं तवा सात लेकरं झाली होती, अन् बाकीच्या माया माह्यावरच रागावल्या, का मुऱ्हाळी एवढुसा फोड घेऊन येते का? मियाँनं समजावलं, का आता यायच्या हातावर पिकू द्या. अन् पिकले, राजेहो. सातही दंडावर पिकले. तवा आमच्याच गावच्या बाया पोरं घेऊन नदी ओलांडून आल्या. अन् मोठी देवी, ती गोदीच्या शेजारच्या घरी आली होती. गोदी त्या अंगणात रोज खेळे. पण ती गोदीपाशी आली नाई. भिंतीले लागून निघून गेली. मियाँले पुन्हा पुसलं, कसं? तं पुन्हा खांदे उडवले. मी आता पुसणं सोडलं. काही गोष्टी पुसाच्या नसतात, नुसता हात पुढं कराचा असते.

पण राजेहो, मी फसलो तो तिथंच. ते पाहा, त्या लिंबाखाली मियाँ तट्टूले चारा टाकून राहिला. उद्या आमी अकोल्याकडं निघतो. मी म्हटलं, मियाँ, माह्या हातात आता काही नाई, पाणी नव्या लेकराच्या हातावर, माहं काय काम? तं म्हणे, पाणी लेकराच्या हातावर, पण दार तुह्या नावानं उघडते. खरंच हाये. ज्या गावात जावं, शिवेवर पहिला सवाल तोच, मुऱ्हाळी आला का? मुऱ्हाळी असंल तं दंड पुढं, नसंल तं काठ्या पुढं. कापसाचा असा भाव अन् माही गाडी उभी, बैल चारा खाऊन माजून राहिले, अन् मी खण-नारळ घेऊन गावोगाव.

राग येत नाई का, म्हणता? येते ना. जिनं माही बहीण नेली, तिचाच भाऊ होऊन हिंडून राहिलो. पण काय करता... बाकी लोकायच्या बहिणीले सासर एक असते, हिले गावोगाव. अन् भाऊ म्हटला का जावंच लागते.